एकतीस दाढ्या

४ सप्टेंबर
संग्रहालय, तळघर

ठोंब्या,

चाळिशी उलटलेल्या माणसाला ठोंब्या म्हणू नये हे मला कळतं. पण मावशीने ठेवलेलं तुझं खरं नाव फक्त पगारपत्रकावर शोभतं, तेव्हा चालवून घे.

काम आहे म्हणून लिहिते. तू राहतोस त्या जंगलाचं पुढे काय करायचं हे ठरवायला जी समिती नेमली आहे, तिने माझ्याकडून एक टिपण मागवलं आहे. पूर्वेच्या उतारावर दोन दुर्मिळ जीव आहेत. एक माझी अळंबी, पांढरी दाढी. दुसरा तुझा झोपाळू उंदीर. दोघांची तुलना करून सांगा, जास्त धोक्यात कोण? उतार एकच आणि दोघांच्या मागण्या एकमेकांच्या बरोबर उलट. तुझ्या उंदराला ऊन आणि कोवळी झुडपं हवीत, त्यासाठी झुडपं आळीपाळीने बुंध्याशी तोडावी लागतात. माझ्या अळंबीला सावली, ओल आणि पडून राहिलेली जुनी झाडं हवीत. कुऱ्हाड घेऊन तिकडे कोणी फिरकायलाच नको. समिती एकाचंच ऐकणार.

पुढचं तुला ठाऊक असेल, तरी लिहून ठेवते, म्हणजे ताईने सांगितलं नाही असं नको व्हायला. उंदराच्या बाजूने निकाल लागला तर झुडपं तोडायला आणि उंदरांना राहायला झाडांवर टांगलेल्या पेट्या तपासायला माणूस लागेल. म्हणजे तुझी नोकरी राहील आणि ते घरही राहील. अळंबीच्या बाजूने लागला तर फाटकाला कुलूप बसेल आणि आत कोणी राहणार नाही. तू माझा मावसभाऊ आहेस, आमच्याच घरात वाढलास, हे मी अध्यक्षांच्या कानावर घातलं. ते म्हणाले, "दोन्ही ओळखणारं दुसरं कोणी असेल तर नाव सुचवा." मला सुचवता आलं नाही.

तेव्हा यंदाची मोजणी नेहमीसारखी करून पाठव. माझा गुडघा असा, त्यामुळे पांढऱ्या दाढीची मोजणी गेली तीन वर्षं तूच करतो आहेस. पहिल्या वर्षी नऊ, मग सतरा, गेल्या वर्षी चोवीस. यंदा मोजणीबरोबर तीन तुकडेही पाठव, एकमेकांपासून लांबच्या दाढ्यांचे. कागदी पाकिटात. पहिल्यांदा तू प्लॅस्टिकच्या पिशवीत पाठवली होतीस, तिचा वास या तळघरातून आठवडाभर गेला नव्हता. टिपण पंधरा नोव्हेंबरला द्यायचं आहे.

मी कोणाच्याही बाजूची नाही.

ताई


१३ सप्टेंबर
जंगलातलं घर

ताई,

पत्र पोचलं. फोनला रेंज हवी तर पाण्याच्या टाकीवर चढावं लागतं, आणि टाकीवर उभं राहून ताईशी वाद घालणं या वयात बरं दिसत नाही. म्हणून लिहितो.

तू कोणाच्या बाजूची नाहीस, पण मी आहे. मी उंदराच्या बाजूचा आहे आणि माझ्याही बाजूचा आहे. एकोणीस वर्षं या दोन खोल्यांत काढली. मोरीवरची खिडकी कुठे ठोसा मारला की उघडते हे फक्त मला माहीत आहे. शेगडीचा धूर वारा बदलला की आत येतो, तेव्हा कुठलं दार उघडायचं तेही मलाच माहीत आहे. हे दुसऱ्या कोणाच्या उपयोगाचं ज्ञान नाही, आणि ते घेऊन मी कुठे जाणार? हे तुला एकदा सांगून टाकलं. आता नाही काढणार.

आता तुलना. अगं, तुलना कसली करतेस? एकाला डोळे आहेत, दुसरीला नुसती दाढी. समितीच्या टेबलावर झोपलेल्या उंदराचा फोटो ठेव. सोनेरी अंग, झुपकेदार शेपूट नाकावर ओढलेली, वजन दोन पत्रांएवढं. अध्यक्ष चष्मा काढून पुसतील. तुझ्या अळंबीचा ठेवलास तर कोणीतरी विचारणार, खाता येते का?

एक गोष्ट मात्र टिपणात घाल. रस्त्यापलीकडेही झुडपांचं चांगलं रान आहे. पण हा प्राणी उन्हाळाभर फांद्यांवरून फिरतो, जमिनीला पाय लावत नाही, म्हणून रस्ता ओलांडत नाही. मी दोन वर्षांपूर्वी समितीला म्हटलं होतं, रस्त्यावरून झाडाला झाड एक जाड दोर बांधा, त्यावरून जातील. सगळे हसले. एकाने विचारलं, "पाळण्याला झोका कोण देणार?" मीही हसलो, काय करणार.

मोजणी महिनाअखेर करतो. तुझ्या गुडघ्याला शेक देतेस ना? पायात खिळा घुसला होता तेव्हा मला आठवडाभर पाठीवर घेऊन शाळेत पोचवणारी तू, आणि आता स्वतः जिने टाळतेस.

तुझा
ठोंब्या


२२ सप्टेंबर
तळघर

ठोंब्या,

समितीसमोर फोटो ठेवायचा नाही असं मी ठरवलं आहे, दोघांचाही. दिसायला कोण गोड यावर निकाल लागायला लागला तर माझी निम्मी कपाटं उद्याच रिकामी करावी लागतील.

कच्च्या टिपणातला एक भाग पाठवते. चूक असेल तर सांग, लाडीगोडी नको.

"दोन्ही जीव जुन्या जंगलाचे. दोघेही वर्षाचा मोठा काळ दिसत नाहीत, त्यामुळे नाहीसे झाले तरी पटकन कोणाच्या लक्षात येत नाही. उंदीर वर्षाला चार-पाच पिल्लं देतो. अळंबी कोट्यवधी बीजकण सोडते, पण एखादाच रुजतो, तोही योग्य झाड योग्य वेळी पडलं तर. उंदराला पाय आहेत. त्याला दुसरं रान दाखवता येतं. अळंबीला दाखवता येत नाही. तिचं लाकूड संपलं की ती संपली. मात्र जानेवारीच्या तपासणीत उंदराच्या पन्नासही पेट्या रिकाम्या आढळल्या. म्हणजे सध्या उतारावर उंदरांची संख्या शून्य धरावी लागते."

हे शून्य लिहिताना मला बरं वाटलं नाही. पण तुझ्याच सहीचा कागद आहे.

ताई

ता. क. गुडघ्याचा विषय काढू नकोस.


१ ऑक्टोबर
जंगलातलं घर

ताई, ताई, ताई!

शून्य? अगं, मी शेगडीपुढे बसून एकटाच हसलो. जानेवारीत पेट्या रिकाम्याच असणार. थंडी सुरू झाली की हे महाराज पेटी सोडून खाली उतरतात आणि पाचोळ्याखाली, मुळांच्या खाचेत, स्वतःचा चेंडू करून झोपतात. पार एप्रिलपर्यंत. जानेवारीची तपासणी फक्त पेट्या फुटल्या-तुटल्या आहेत का ते बघायला असते. एवढी शिकलेली बाई, आणि झोपलेल्याला मेलेला समजलीस! तो "शून्य" खोड. गेल्या आठवड्यात पन्नास पेट्यांत चौदा मिळाले. पिशवीत घालून एकेकाचं वजन केलं, तेव्हा एक माझ्या बाहीत शिरला आणि काखेत जाऊन झोपला. त्याला काढायला अर्धा तास लागला.

आता तुझी बाजू. पांढऱ्या दाढ्या यंदा एकतीस! दोनदा मोजल्या. तुझ्या दाढ्यांचं एक बरं आहे, एका जागी बसून मोजता येतात, माझ्या मंडळींसारख्या पळत नाहीत. चहाचा थर्मास नेला होता, आरामात काम झालं. तीन तुकडे सोबत आहेत, एक डाव्या टोकाचा, एक उजव्या टोकाचा आणि एक मधला. कागदी पाकिटात, बघ.

दरवर्षी वाढतात आहेत. तुला आनंद होईल म्हणून मोजणीचा कागद घडी न घालता पाठवतो आहे.

तुझा
ठोंब्या


१० ऑक्टोबर
तळघर

ठोंब्या,

शून्य खोडलं. कान पकडते. इतकी वर्षं प्राण्यांच्या मजल्याखाली काम करून मला हे माहीत नसावं, म्हणजे कमाल आहे. वरच्या मजल्यावरच्या पक्षीवाल्याला सांगितलं तर तो इतका हसला की त्याचा चहा सांडला.

एकतीस वाचून मी खुर्चीतून उठले. गुडघा असूनही उठले. नऊवरून एकतीस! ही अळंबी आजूबाजूच्या सगळ्या जंगलांतून गेली आहे. मी स्वतः ती जिवंत कधीच पाहिलेली नाही, फक्त वाळलेली, पाकिटातून आलेली. आता तुझे चौदा उंदीर आणि माझे एकतीस ओंडके असे समोरासमोर ठेवले तर टिपण तुझ्याकडे झुकतं. मी कोणाच्या बाजूची नाही असं म्हटलं होतं, पण हे लिहिताना हायसं वाटलं. ते लपवत नाही.

तू मला झोपेचं शिकवलंस, तर मीही तुला एक शिकवते, नाहीतर तुझा रुबाब वाढेल. तुला बाहेर दिसते ती दाढी म्हणजे अळंबी नव्हे. ते तिचं नुसतं फळ. खरा जीव लाकडाच्या आत, धाग्यांनी पसरलेला असतो. एका ओंडक्यावर वीस दाढ्या लोंबत असल्या तरी जीव बहुतेक एकच. म्हणून आमच्यात दाढ्या मोजत नाहीत, ओंडके मोजतात. हे तुला कोणी सांगायला नको, चार वर्षं मोजतो आहेस. तरी आपलं लिहिलं.

तुझे तुकडे काचेच्या बशांत वाढायला ठेवले आहेत, दोन-दोन शेजारी. वेगवेगळे जीव असले तर वाढत वाढत एकमेकांना भिडतात आणि तिथेच थांबतात. मध्ये काळपट रेघ उमटते. एकच जीव असेल तर रेघ उमटत नाही, दोन्हीकडचे धागे एकमेकांत मिसळून जातात. मला तीन रेघा मिळाल्या की टिपणाला जोडीन. तीन आठवडे लागतील.

ताई


२४ ऑक्टोबर
जंगलातलं घर

ताई,

पत्र पोचलं. उत्तराला उशीर झाला. इथे धुराड्याचं काम निघालं होतं, वरची टोपी वाऱ्याने उडाली. शिडी धरायला कोणी नाही, त्यामुळे दोन दिवस गेले. पाऊसही आहे. पायवाटेवर चिखल झाला आहे.

उंदीर खाली उतरायला लागले. यंदा लवकरच.

टिपण एकदा दिलं की त्यात बदल करता येतो का? सहज विचारतो.

बाकी ठीक.

ठोंब्या

ता. क. बशांचं काय झालं?


२ नोव्हेंबर
तळघर

ठोंब्या,

धुराड्याची टोपी बसवलीस हे छान केलंस. शिडी मागच्या भिंतीला टेकवत जा, पुढे जमीन उतरती आहे.

टिपण दिल्यावर बदल करता येत नाही असं नाही, पण ते कोणाला आवडत नाही, आणि मला तर अजिबात आवडत नाही.

बशांना वेळ लागतो.

मी तुझी चारही वर्षांची पत्रं काढून पुन्हा वाचली. अक्षर सुधारलं आहे. तुला आठवतं का, मोजायला मीच शिकवलं होतं, आईच्या शिवणाच्या डब्यातली बटणं घेऊन? तू एकदा अठरा बटणं वीस म्हणून सांगितलीस, आणि तासाभराने स्वयंपाकघरात येऊन म्हणालास, अठराच होती. मी तेव्हा रागावले नव्हते.

मला काही कळवायचं असेल तर पंधरा तारखेच्या टपालापर्यंत कळव. तुझ्याकडून पत्र यायला चार दिवस लागतात.

ताई


११ नोव्हेंबर
जंगलातलं घर

ताई,

ओंडका एकच आहे.

एकतीस दाढ्या त्या एकावरच आहेत. गेल्या वर्षीच्या चोवीस, त्याआधीच्या सतरा आणि पहिल्या नऊ, सगळ्या त्याच झाडावरच्या. फाटकापासून वर गेलं की डावीकडे आडवं पडलेलं मोठं झाड आहे, त्याच्यावर. मी उंदीर मोजतो तशाच त्या मोजल्या. दिसेल ते डोकं मोजायचं, एवढंच मला येतं. तू ओंडके मोजतेस हे मला दहा ऑक्टोबरच्या तुझ्या पत्रातून कळलं. चार वर्षांत कधी बोलणंच निघालं नाही. तुला वाटलं मला माहीत आहे, आणि मला वाटलं त्यात माहीत असण्यासारखं काय आहे.

इथपर्यंत चूक आहे. यापुढचं चूक म्हणून खपणार नाही. पत्र चौदा तारखेला माझ्या हातात पडलं, आणि तेव्हापासून मी गप्प आहे. तू लिहिलं होतंस की टिपण माझ्याकडे झुकतं. मी ती ओळ इतक्या वेळा वाचली की घडीवर कागद फाटला. धुराड्याची टोपी खरंच उडाली होती, पण ती बसवायला एक तास लागला.

मग मला वाटलं, दुसरा ओंडका कुठेतरी असेलच. एक सापडला तरी दोन म्हणता येईल, दोन-तीन सापडले तर मान वर करून सांगता येईल. म्हणून शोधायला लागलो. अकरा दिवस रोज सकाळी निघालो आणि उतार वरपासून खालपर्यंत पट्ट्यापट्ट्याने पालथा घातला. पडलेलं प्रत्येक झाड खालून हात घालून तपासलं. दोनशे सहा झाडं. ज्यावर खडूने फुली आहे ते बघितलेलं. हिरवी बुरशी, तपकिरी कान, लाल टिकल्या, सगळं सापडलं. दाढी नाही.

तुझं बटणांचं पत्र आलं तेव्हा मी त्या ओंडक्यापाशीच बसून ते वाचलं. त्याचं एक टोक आता बोटाने दाबलं तर आत जातं. लाकूड संपत आलं आहे. मला वाटायचं दाढ्या वाढतात म्हणजे ती जोमात आहे. आता तसं वाटत नाही. तूच काय ते सांग.

तर रकान्यात एक लिही. मला हे घर सोडायचं नाही, हे मी आधीच सांगितलं आहे आणि आजही तेच सांगतो. तरी एक लिही.

ठोंब्या


१७ नोव्हेंबर
तळघर

ठोंब्या,

तुझं पत्र काल, सोळा तारखेला दुपारी आलं. टिपण मी पंधराला संध्याकाळी, कचेरी बंद व्हायच्या आत देऊन आले होते.

आता मी सांगते ते नीट वाच.

बशांचा निकाल मला सव्वीस ऑक्टोबरलाच कळला होता. तीन बशांत एकही रेघ नव्हती. डावं टोक, उजवं टोक आणि मधलं, तिन्ही एकमेकांत असे मिसळले होते की कुठून कुठे सुरू झालं ते भिंगाखालीही सांगता येईना. मी तुझं एक ऑक्टोबरचं पत्र काढलं. "एका जागी बसून मोजता येतात." एकतीस ओंडके कोणी एका जागी बसून मोजत नाही. मी ते वाक्य आधी वाचून हसले होते.

दोन नोव्हेंबरला तुला लिहिलं तेव्हा मला सगळं माहीत होतं. तू सांगावंस म्हणून मी थांबले. विचारायला काय झालं होतं? एका ओळीत विचारता आलं असतं. पण विचारलं असतं तर तू घाबरून काय सांगितलं असतंस ते मला कळलं असतं, आणि मला ते नको होतं. रोज दोन वेळा पहारेकऱ्याला विचारलं, टपाल आलं का? पंधराला शेवटचं टपाल चारला आलं. त्यात एक बियाणांची जाहिरात होती.

मग मी खाली येऊन टिपणाची शेवटची प्रत लिहिली. पांढरी दाढी, ओंडके एकतीस. झोपाळू उंदीर, चौदा. खाली सही केली.

चौतीस वर्षं मी या कपाटांवर चिठ्ठ्या लावते आहे. कुठून आलं माहीत नसेल तर "माहीत नाही" लिहिते. एका पाकिटावरची तारीख पुसट होती म्हणून मी कोणा संग्राहकाच्या विधवेला तीन पत्रं पाठवली होती. आणि त्या दिवशी मी एकतीस लिहिलं. तुझी मोरीवरची खिडकी डोळ्यांसमोर होती. दुसरं काही नव्हतं.

आणि काल तुझं पत्र. मला तुझा इतका राग आला, ठोंब्या, की मी ते टेबलावर आपटलं. जन्मात एकदा खोटं लिहिलं, तेही तुझ्यासाठी, आणि तू ते वाया घालवलंस. मग दुसऱ्यांदा वाचलं. दोनशे सहा झाडं! तिथे माझे डोळे भरून आले, हेही लिहून ठेवते.

पाकिटावर बारा तारखेचा शिक्का आहे. पत्र अकराला लिहिलं आहेस. एक दिवस खिशात ठेवलंस ना? अकराला टाकलं असतंस तर पंधराच्या चारच्या टपालात मिळालं असतं.

काल साडेतीनला मी तीन बशा आणि तुझं पत्र घेऊन अध्यक्षांकडे गेले. त्यांनी आधी बशा बघितल्या, मग पत्र वाचलं आणि एकच प्रश्न विचारला, "तुम्हाला कधी कळलं?" मी तारीख सांगितली. ते बराच वेळ पेनाचं टोपण लावत-काढत बसले. माणूस वाईट नाही. म्हणाले, आकडा दुरुस्त होईल, टिपण छापलं जाईल, पण माझं नाव त्यावर राहणार नाही. आणि मी वसंतात निवृत्त होणारच होते, तर महिनाअखेरीस कपाटांच्या किल्ल्या दिल्या तर सगळ्यांना सोयीचं होईल. मला ते रास्त वाटलं.

समिती आज सकाळीच बसली. निकाल तुला कळेलच, पण माझ्याकडून कळावा. उतार बंद होणार. कोणी झुडपं तोडणार नाही. पाच-सहा वर्षांत सावली दाटेल आणि तुझे उंदीर तिथे राहणार नाहीत. हेही टिपणात स्पष्ट लिहिलं आहे. एका जिवासाठी चौदांना उठवतो आहोत आणि तो एक तरी टिकेल याची मी खात्री देऊ शकत नाही. लाकूड संपत आलं की दाढ्या जास्त धरते, असं मलाही वाटतं. पण जवळचं एखादं झाड पडलं आणि एक बीजकण रुजला तर? त्यासाठी तिथे जुनी झाडं उभी पाहिजेत आणि पडल्यावर पडून राहिली पाहिजेत. दोराची मागणी शेवटच्या परिच्छेदात घातली आहे. या वेळी कोणी हसलं नाही, असं ऐकते.

घर पंधरा डिसेंबरपर्यंत सोडायचं आहे. माझ्याकडे मागची खोली रिकामी आहे. खिडकी न ठोसता उघडते, त्यामुळे तुला करमणार नाही, पण ये.

ताई


२९ नोव्हेंबर
जंगलातलं घर

ताई,

हो, एक दिवस खिशात होतं. टपालपेटीपर्यंत गेलो आणि परत आलो. दुसऱ्या दिवशी टाकलं. त्या एका दिवसापायी तुझं नाव गेलं आणि किल्ल्या गेल्या. हे मी आता जन्मभर जवळ बाळगणार, आणि तू "जाऊ दे" म्हणू नकोस. तू म्हणणारही नाहीस म्हणा.

तू माझ्यासाठी एकतीस लिहिलंस हे वाचून मी घराबाहेर जाऊन उभा राहिलो. पाऊस होता. आत आलो, पुन्हा वाचलं.

मागच्या खोलीबद्दल: येतो, पण आठवड्यातून दोनच दिवस. मला काम मिळालं आहे. रस्त्यापलीकडे लाकडाची वखार आहे, तिथे आलेला माल उतरवून घ्यायचा आणि नोंदायचा. मालकाने विचारलं, मोजता येतं का? म्हटलं, काय मोजायचं? म्हणाला, ओंडके. मी इतका हसलो की त्याला वाटलं मी पिऊन आलोय. वखारीवर एक खोली देतो आहे. तिथून पलीकडचं रान दिसतं.

दोर बांधला. समितीने माणूस आणि शिडी पाठवली, गाठी मी मारल्या. या बाजूच्या झाडावरून त्या बाजूच्या झाडावर, ट्रकच्या टपाच्या बराच वर. उंदीर सगळे पाचोळ्याखाली झोपलेत, तेव्हा एप्रिलपर्यंत काही कळायचं नाही. जातील की नाही, मला सांगता येत नाही. पेट्यांतल्या पंचवीस पलीकडे टांगून ठेवल्या आहेत. संध्याकाळी वखारीतून सुटल्यावर बघायला वेळ मिळेल.

आता मुद्द्याचं. पंधराला फाटकाला कुलूप लागणार, आणि मग कोणालाच आत सोडणार नाहीत, तुलाही नाही. तू तिची चौतीस वर्षं चिठ्ठी लावत आलीस आणि ती जिवंत कशी दिसते हे तुला माहीत नाही. थोड्या दाढ्या अजून आहेत, सात-आठ. कडेने पिवळट झाल्यात, पण मधल्या तीन अगदी पांढऱ्या आहेत, धुऊन वाळत घातल्यासारख्या. अकरा तारखेला सकाळची बस पकड, फाटकापाशीच उतरवते. मी उभा असेन.

फाटकापासून ओंडक्यापर्यंत तीनशे बारा पावलं आहेत, तुझ्यासाठी मोजली. चढ फक्त शेवटच्या चाळीस पावलांत आहे. गुडघ्याचा विषय काढू नकोस म्हणालीस, नाही काढत. उंदराला पाय आहेत असं तूच टिपणात लिहिलंस. मलाही आहेत. शेवटची चाळीस पावलं माझ्या पाठीवर बस. खिळ्याच्या वेळी शाळेच्या दारात उतरवताना तू म्हणाली होतीस, मोठा हो, मग तू मला उचल. एवढा मोठा मी आता असेन.

कागदी पाकिटं आणू नकोस. या वेळी काही कापून न्यायचं नाही.

ठोंब्या